भांडण शेजाऱ्यांचं, शिक्का आमच्या पासपोर्टवर

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,



वसईत लोकांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज भरून देणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे येणाऱ्यांच्या मुख्यतः दोन वाटा असतात. एक आखाताकडे जाते: नर्स, वेल्डर, ड्रायव्हर, हॉटेलात काम करणारी मुलं. दुसरी जेरुसलेमकडे. आमच्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत आयुष्यात एकदा तरी पवित्र भूमीची यात्रा घडावी अशी फार इच्छा असते. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे हातात आले की सगळं घर मिळून जॉर्डन, इस्रायल, इजिप्त अशी यात्रा करून येतं. या दोन्ही वाटा एकाच घरातून निघतात आणि एकाच पासपोर्टवरून जातात. अडचण तिथेच सुरू होते, आणि ती सोडवणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. नर्स. आईबाबांना घेऊन यात्रा करून आली होती, आणि आखातातल्या एका देशात रुग्णालयात तिची निवड झाली होती. मेडिकल झालं होतं, सर्टिफिकेटं अटेस्ट होऊन आली होती, पासपोर्ट तेवढा स्टॅम्पिंगला जायचा राहिला होता. तिने पासपोर्ट टेबलावर उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे इस्रायलचा व्हिसा चिकटवलेला होता. पान उलटलं तर इजिप्तच्या ताबा नाक्याचा शिक्का. “काका, हे कोणी बघेल का हो?” तिने विचारलं.

मी चार ठिकाणी फोन केले. कोणी म्हणालं, अमिरातीने इस्रायलशी करार केल्यापासून आता कोणी बघत नाही. कोणी म्हणालं, काउंटरवर कोण बसलंय त्यावर आहे. कोणी म्हणालं, गेल्या महिन्यात एकाला परत पाठवलं म्हणे. लेखी उत्तर कुणीच देईना, आपल्याकडच्या कार्यालयांतूनही मिळालं नाही. तिच्या एजंटने मात्र चुटकीसरशी उपाय सांगितला: पासपोर्ट हरवला अशी पोलिसांत तक्रार द्या, तत्काळमध्ये नवा काढा. तिने ते केलं नाही. खोटं लिहून देणार नाही म्हणाली. या चौकशीत दिवस गेले आणि रुग्णालयाने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. तिला कुणी नाकारलं नाही. नाकारतील का, एवढंच तिला कळू शकलं नाही आणि तिची नोकरी गेली.

आपल्याला यातलं सगळं ठाऊक आहे. पण हे पत्र खुलं आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

लेबनॉनमध्ये इस्रायलवरच्या बहिष्काराचा कायदा १९५५ पासून आहे, आणि पासपोर्टवर इस्रायलची खूण दिसली तर तो देश प्रवाशाला आत घेत नाही. सीरियाचा नियम कित्येक दशकं तोच होता. इराणचंही तसंच. लेबनॉन आणि सीरियाच्या इस्रायलला लागून असलेल्या सीमा साध्या माणसासाठी बंदच आहेत. १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या फौजांनी हैफा ते बैरूत रेल्वे घातली होती, तिचे बोगदे इस्रायल-लेबनॉन सीमेवरच्या रोश हनिक्राच्या कड्यात अजून आहेत. आज त्या जागेवरून संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या तेवढ्या ये-जा करतात. त्याच सीमेवर शांतिसेनेत आपले जवान १९९८ पासून उभे राहत आले आहेत, त्यामुळे तिथलं वैर किती खोल आहे हे आपल्या मंत्रालयाला कुणी सांगायला नको.

गावात दोन घरांची बोलचाल बंद असली की तिसऱ्या घरच्या पोराला दारात उभं करून विचारतात, “काय रे, तिकडे गेला होतास ना?” देशांचं तसंच चालतं. वैरी देश एकमेकांना प्रवाशांच्या याद्या देत नाहीत, त्यांचे संगणक एकमेकांशी जोडलेले नाहीत. कोण कुठून आला हे समजायला त्यांच्याकडे एकच साधन उरतं, ते म्हणजे त्या माणसाच्या खिशातला पासपोर्ट. शिक्के जाऊन सगळं डिजिटल होणार आहे, मग हा प्रश्न आपोआप मिटेल, असं मला एकाने सांगितलं. युरोपने २०२५ च्या ऑक्टोबरपासून शिक्क्यांऐवजी संगणकात नोंदी घ्यायला सुरुवात केली, हे खरं. पण युरोपातले ते देश एकमेकांचे मित्र आहेत. जिथे मैत्री नाही तिथे कागदच वाचला जाणार.

इस्रायलला हे कळलं होतं. म्हणून २०१३ च्या जानेवारीपासून तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणं थांबलं. प्रवाशाला तळहातात मावणारी निळी चिठ्ठी मिळते. त्यावर त्याचा फोटो, नाव, पासपोर्टचा नंबर आणि राहण्याची मुदत असते. परत निघताना गुलाबी चिठ्ठी. पासपोर्टची पानं कोरी राहतात. चांगली सोय आहे, पण ती पुरती उपयोगी पडते ज्यांना तिथे जायला आधी व्हिसा लागत नाही त्यांना, म्हणजे युरोपातल्या, अमेरिकेतल्या माणसांना. भारतीयाला व्हिसा आधी घ्यावा लागतो, आणि २०२५ मध्ये पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू होईपर्यंत तो सगळ्यांच्याच पासपोर्टच्या पानावर चिकटवला जात होता. असा व्हिसा ज्याच्याकडे आहे त्याला विमानतळावर चिठ्ठी मिळाली तरी चार पानं मागे तो व्हिसा बसलेलाच असतो. ज्यांच्या हितासाठी चिठ्ठी निघाली असं आपण मानतो, त्यांत आमची माणसं नव्हतीच.

शिवाय जमिनीवरचे नाके. यात्रेच्या बहुतेक सहली जॉर्डनमधून इस्रायलमध्ये शिरतात आणि ताबावरून इजिप्तमध्ये उतरतात. ताबा हे सिनाईच्या टोकाचं छोटं ठिकाण, इस्रायलने १९८९ मध्ये इजिप्तला परत दिलेलं. तिथल्या नाक्याच्या एका बाजूला इजिप्त, दुसऱ्या बाजूला इस्रायलचं इलात शहर. त्या नाक्याचा शिक्का ज्याच्या पासपोर्टवर आहे तो इस्रायलमधून आला किंवा इस्रायलमध्ये गेला, दुसरा अर्थच निघत नाही. इजिप्तशी इस्रायलचा तह १९७९ चा आहे, दोघांचे संबंध आहेत, इजिप्तचा अधिकारी आपलं काम चोख करतो. त्याने मारलेला शिक्का बैरूतच्या विमानतळावर मात्र पुरावा ठरतो. जॉर्डनच्या अकाबाजवळच्या आणि उत्तरेतल्या शेख हुसेन नाक्यांची गोष्ट तीच. जॉर्डन आणि वेस्ट बँक यांच्यामधल्या किंग हुसेन पुलाचा प्रकार निराळा. जॉर्डनने १९५० मध्ये वेस्ट बँक स्वतःला जोडून घेतली होती, १९८८ मध्ये तिच्यावरचा दावा सोडला. तरीही त्या पुलाला जॉर्डन इतर सीमांसारखी सीमा मानत नाही, आणि तिथे शिक्का सुट्या कागदावर मारून देतात. कुठल्या नाक्यावरून जायचं हे सहलीवाले बसच्या सोयीने आणि हॉटेलच्या दराने ठरवतात. पासपोर्टवर काय उमटणार आहे हे यात्रेकरूला आधी कोणी सांगत नाही.

इराणची हकीकत सांगायलाच हवी. अमेरिकेने २०१६ पासून असा नियम लागू केला की ज्या देशांच्या नागरिकांना तिथे व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांच्यापैकी कोणी मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया किंवा सुदानला जाऊन आला असेल तर त्याची ती सवलत जाते. लोक इराणला जायला कचरू लागले. तेव्हा २०१९ मध्ये इराणने परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्के मारायचे नाहीत असं ठरवलं. म्हणजे एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडणारे इस्रायल आणि इराण या एका बाबतीत एकाच निर्णयाला आले: आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला आपल्या भांडणाची झळ लागू नये. त्या दोघांना जे सुचलं ते आपल्याला आपल्याच नागरिकांसाठी का सुचू नये?

आता त्या एजंटच्या सल्ल्याकडे वळतो, कारण माझ्या डोळ्यांसमोर रोज जे घडतं ते हे आहे. नवा पासपोर्ट काढला की जुना विसरता येतो, असं लोकांना वाटतं. पण आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. परदेशी वकिलात तो आकडा बघते आणि म्हणते, जुना आणा. हरवला म्हणावं तर हरवल्याची नोंद दिसते आणि संशय वाढतो. काही जण याहून वाईट करतात, पान फाडतात. पानं फाडलेला पासपोर्ट घेऊन मुंबई विमानतळावर माणसं पकडली गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातलं कलम १२ खोटी माहिती देणाऱ्याला आणि पासपोर्टमधल्या नोंदींशी छेडछाड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. पोटासाठी निघालेला पोरगा, कुणाच्या तरी सांगण्यावरून एक कागद टरकावतो आणि गुन्हेगार होऊन बसतो. त्याचं समर्थन मी करत नाही, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच बजावतो. पण सरळ मार्ग खुला नसला की माणूस आडवाटेने जातो, आणि तो सरळ मार्ग तयार करायचं काम सरकारचं आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. मग त्यावर दुसऱ्यांनी उमटवलेल्या खुणांचा त्रास एकट्या नागरिकाने का सोसायचा?

सरळ मार्ग माझ्या मते दुसऱ्या पासपोर्टचा आहे. अमेरिका अशा कारणासाठी आपल्या नागरिकाला मर्यादित मुदतीचा दुसरा पासपोर्ट देते. ब्रिटनही देतं. एक इस्रायलसाठी, एक बाकीच्या देशांसाठी. आपल्याकडे साध्या नागरिकाला एका वेळी एकच साधा पासपोर्ट. आपली व्यवस्था हे पेलू शकत नाही असं कोणी म्हणेल, तर इतिहास तसं सांगत नाही. १९५२ मध्ये भारत-पाकिस्तान प्रवासासाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाले तेव्हा त्या दोन देशांपुरता वेगळा पासपोर्ट आपण काढला होता. पुढे बांगलादेशापुरते, श्रीलंकेपुरतेही पासपोर्ट निघत. हजला जाणाऱ्यांना कित्येक वर्षं यात्रेपुरता वेगळा पास मिळत होता, २००९ पासून त्यांना नेहमीचा पासपोर्ट लागू लागला. एका कामापुरता, एका दिशेपुरता पासपोर्ट ही कल्पना आपल्या कार्यालयांच्या चांगल्या परिचयाची आहे. आता तर पासपोर्टमध्ये चिप बसवायला लागलो आहोत आपण.

याला एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. मुंबईकराला तो सांगावा लागत नाही. दाऊद गिलानीने २००६ मध्ये नाव बदलून डेव्हिड हेडली केलं, नव्या नावाचा अमेरिकी पासपोर्ट घेतला आणि मुंबईत येऊन २००८ च्या हल्ल्याच्या जागा टिपून गेला. पासपोर्टवरच्या मागच्या प्रवासाला सुरक्षेच्या दृष्टीने अर्थ असतो, आणि तो बघण्याचा सरकारचा हक्क मी मान्य करतो. पण मी मागतो आहे तो पासपोर्ट आपल्याच कार्यालयाने, त्याच माणसाच्या त्याच फाइलमध्ये, त्याच बोटांच्या ठशांवर दिलेला असेल. भारत सरकारपासून त्यात काहीच लपणार नाही. परक्या देशाच्या काउंटरवर दिसणार नाही इतकंच. त्या काउंटरवर कुणी तोंडी विचारलं तर प्रवाशाने खरं तेच सांगावं. पण न विचारता पानं उलटून एखाद्या म्हाताऱ्या यात्रेकरूच्या मुलीवर ठपका ठेवण्याची सोय आपण का पुरवावी?

हा प्रश्न फक्त आमच्या वसईचा नाही. रायगड जिल्हा घ्या. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. पेणकर, किहीमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावं. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा इथे ती राहतात, जुनी माणसं घरात मराठी बोलतात, त्यांनी मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. इकडे राहिलेले भाऊबंद लग्नाकार्याला तिकडे जातात. आणि त्याच जिल्ह्यात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड इथली कोकणी मुसलमान कुटुंबं तीन-तीन पिढ्या आखातात नोकऱ्या करत आली आहेत. दोन्हीकडे माणसं पाठवणारा असा जिल्हा देशात दुसरा क्वचितच असेल.

त्यात आता सरकार स्वतः उतरलं आहे. २०२३ मध्ये इस्रायलशी कामगारांबाबत करार झाला, आणि बांधकामाच्या कामासाठी भरती सुरू झाली. २०२४ मध्ये त्याचा एक टप्पा पुण्यातही झाला. सळई बांधणारे, फरशी बसवणारे, प्लास्टर करणारे गडी तिकडे गेले. युद्ध चालू असताना त्यांना पाठवावं का, हा मोठा प्रश्न आहे आणि माझी त्यावर मतं आहेत, पण तो या पत्राचा विषय नाही. माझा सवाल इतकाच आहे की त्यांचं तिथलं कंत्राट संपल्यावर काय? आखात हीच आपल्या बांधकाम कामगाराची सगळ्यात मोठी बाजारपेठ राहिली आहे. सरकारी भरतीतून इस्रायलला गेलेला फिटर उद्या आखातात काम शोधेल, तेव्हा त्या देशाने त्याची पानं उलटली तर त्याने कुणाकडे जायचं? भरतीच्या वेळी हे त्याला कुणी समजावून सांगितलं का? त्याच्या कागदांत यावर एक ओळ तरी आहे का?

व्हिसाचा कागद पासपोर्टला कसा जोडला जातो याला किती महत्त्व आहे, हे आपल्या मंत्रालयाइतकं कुणाला ठाऊक नाही. २०२३ च्या जुलैमध्ये चेंगदूच्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेला निघालेल्या अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडूंना चीनने स्टेपल केलेले व्हिसा दिले. अरुणाचल भारताचं नाही असं सुचवण्याची ती चिनी रीत आहे. आपण अख्खा वुशू संघ परत बोलावला. त्या मुलांची स्पर्धा हुकली, तरीही तो निर्णय मला योग्य वाटला. एका पिनेसाठी जे सरकार एवढं ठाम राहतं, त्याने एका चिकटवलेल्या व्हिसासाठीही मित्रदेशाशी बोलायला हरकत नसावी. तिथे सुटा कागद अपमान होता, इथे तोच उपकार ठरेल.

आणि हे आपण कधी केलंच नाही असंही नाही. पाकिस्तानातल्या कर्तारपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मार्ग उघडला तेव्हा व्हिसा लागणार नाही, पासपोर्ट दाखवायचा पण त्यावर शिक्का बसणार नाही, अशी व्यवस्था झाली. आपल्या नामदेवांचं घुमान ज्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातून हा मार्ग निघतो. पाकिस्तानचा शिक्का बसला तर पुढे व्हिसा मिळताना त्रास होईल या भीतीने कितीतरी भाविक घरी बसले असते. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या बाजूने तो मार्ग बंद झाला, ती कारणं वेगळी. पण श्रद्धेने सीमा ओलांडणाऱ्याच्या पासपोर्टवर शेजाऱ्यांच्या वैराची खूण पडू नये, हे दोन शत्रुदेशांनी मिळून मान्य केलं होतं.

आपल्या घराकडेही पाहावं अशी विनंती आहे. भारताच्या व्हिसा अर्जात परदेशी पाहुण्याला विचारलेलं असतं की गेल्या तीन वर्षांत सार्क देशांपैकी कुठे गेला होतात. माझ्याकडे अनिवासी मराठी कुटुंबांतल्या परदेशी सुना-जावयांचे अर्ज येतात. लाहोरला एखाद्या परिषदेसाठी जाऊन आलेला प्राध्यापक त्या रकान्यापाशी थबकतो. त्याला मी सांगतो, खरं ते लिहा. पण त्यापुढे काय होईल हे मलाही सांगता येत नाही, आणि बैरूतच्या काउंटरवर आमच्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो तोच त्याच्याही पोटात आलेला मला दिसतो.

तेव्हा मागणं असं. इस्रायलशी बोलून भारतीयांचा व्हिसा सुट्या कागदावर किंवा पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करून घ्यावा, प्रत्येक भारतीयासाठी, नुसत्या पर्यटकांसाठी नव्हे. नोकरी, यात्रा किंवा नातलग यांच्यामुळे दोन्हीकडे जावं लागतं अशांना मर्यादित मुदतीचा दुसरा पासपोर्ट द्यावा, कारण दाखवून, फी घेऊन. आणि हे होईपर्यंत, उद्यापासून करता येईल अशी एक गोष्ट: कुठला देश कुठल्या देशाच्या शिक्क्याला काय करतो, याची माहिती आपल्या दूतावासांकडून मागवून मंत्रालयाने प्रसिद्ध करावी आणि ती दर तीन महिन्यांनी तपासावी. मराठीत, मल्याळममध्ये, तेलुगूमध्ये, भोजपुरी बोलणाऱ्याला समजेल अशा हिंदीत. पासपोर्ट सेवा केंद्राच्या भिंतीवर ती लागली तर एजंटांच्या अर्ध्या थापा बंद होतील.

युद्धाने यात्रा थांबतात, शस्त्रसंधी झाली की पुन्हा निघतात. नव्या तुकडीचे पासपोर्ट माझ्याकडे जमा होऊ लागले आहेत. त्यांत सुटीवर आलेला एक ड्रायव्हर आहे, आईला जॉर्डन नदीपर्यंत स्वतः न्यायचं म्हणतो. सुटी संपली की त्याला परत आखातात कामावर हजर व्हायचं आहे. त्याचा अर्ज भरावा की त्याला थांबवावं, हे मला या महिन्यात ठरवायचं आहे. आपल्या कार्यालयाकडून दोन ओळींचं लेखी उत्तर आलं, तर त्याला ते दाखवता येईल.

आपला,
वसईतील एक व्हिसा अर्ज लेखनिक